बारा शेहेचाळीसचा मेसेज

१

तो आला तेव्हा मी एका कवळीच्या कडा घासत होतो. मशीनच्या आवाजात दार वाजलेलं कुणाला ऐकूच आलं नाही. पन्नाशीकडे झुकलेला माणूस, दोन दिवसांची दाढी, शर्ट प्रवासात चुरगळलेला. कुणाला काही न विचारता सरळ रंगवालीच्या टेबलापाशी गेला आणि फोन तिच्या नाकासमोर धरला.

"हे तूच लिहिलंस ना? तोंडावर सांग."

रंगवालीच्या हातातला ब्रश खाली पडला. "तू? आत्ता आलास?"

"वाच आधी."

तिनं वाचलं. मग परत वाचलं. मी मशीन बंद केलं.

"हे मी लिहिलेलं नाही."

"नंबर तुझा. फोटो तुझा. वर तुझंच बोलणं आहे, खाली तुझंच आहे. मधलं तेवढं कोणी लिहिलं?"

"नाही रे लिहिलं मी! अण्णांची शपथ!"

हे ऐकल्यावर तो मटकन स्टुलावर बसला. अण्णा म्हणजे या दोघांचे वडील. त्यांना जाऊन नऊ दिवस झाले होते.

आमची लॅब दातांची. डॉक्टर लोक तोंडाची मापं पाठवतात, आम्ही दात करून परत पाठवतो. माणसं चारच. मालकीण, जिला आम्ही मॅडम म्हणतो. मेणात दात रचून देणारी मावशी. तयार दातांना शेजारच्या दातांशी जुळेल असा रंग देणारी रंगवाली. आणि मी. शेवटचा हात फिरवणं माझं काम, तेही डोळ्याला भिंग लावून, म्हणून माझं नावच भिंग पडलं. रंगवाली मात्र मला काका म्हणते.

तिचा भाऊ अकरा वर्षांपूर्वी घर सोडून गेला होता. आई अंथरुणाला खिळलेली असताना गेला आणि ती गेली तेव्हाही आला नाही. मग या वर्षी अण्णांचं हृदय दमलं, आणि रंगवालीनं स्वतःहून त्याला मेसेज केला. दोन महिने दोघं एकमेकांना चाचपत लिहीत होते. शेवटी ठरलं, तो शनिवारी येणार. बुधवारी तिनं लिहिलं होतं, "सकाळीच ये. मी दार उघडून ठेवते."

आणि गुरुवारी दुपारी बारा शेहेचाळीसला तिच्याच नंबरवरून त्याला हे गेलं होतं:

"येऊ नकोस. बाबाना तुला बघायच नाही. तिथेच थाब. मी सागेन तेव्हा बघू."

त्यानं तिकीट रद्द केलं. उत्तर दिलं नाही. शनिवारी संध्याकाळी तिचा पुढचा मेसेज आला: "शेवटी नाहीच आलास ना. वाटलंच होतं."

"मला वाटलं, आधी हाकलतेस आणि वर टोमणे मारतेस," भाऊ म्हणाला. "म्हणून फोन बंद करून ठेवला. सोमवारी अण्णा गेले, ते मला शुक्रवारी कळलं. तेही तिसऱ्याकडून."

"आणि मला वाटलं, तू पुन्हा कच खाल्लीस," रंगवाली म्हणाली. "एक फोन करायला हवा होता. नाही केला. किती वेळा मीच करायचा, असं वाटलं."

मग ती माझ्याकडे वळली. डोळे भरलेले होते, पण आवाज कोरडा होता.

"काका, तुमच्या नजरेतून केसाएवढी भेग सुटत नाही. हे कोणी केलं ते मला शोधून द्या."

मी हो म्हणालो. त्याच क्षणी आणखी एक गोष्ट सांगायला हवी होती. ती मी गिळली.

२

आधी दोन्ही फोन शेजारी ठेवून बघितले. भावाच्या फोनवर तो मेसेज होता. रंगवालीच्या फोनवर बुधवारच्या "दार उघडून ठेवते"नंतर एकदम शनिवार. मधे काहीच नाही.

"म्हणजे कोणीतरी पाठवला आणि फक्त तुझ्या बाजूनं पुसला," मी म्हणालो. "गुरुवारी दुपारी फोन कुठे होता तुझा?"

"खिशात. भट्टीत सहा दात होते, मी तिथून हललेसुद्धा नाही. हात असे रंगानं भरलेले."

"मग तुझ्या फोनवरून नाही गेला."

"पण नंबर तर…"

मी ऑफिसच्या खोलीकडे बोट दाखवलं. खिडकीपाशी आमचा संगणक असतो. डॉक्टर लोक दातांचे फोटो रंगवालीच्या फोनवर पाठवतात, आणि फोनच्या छोट्या पडद्यावर रंगातला फरक कळत नाही. म्हणून तिनं उन्हाळ्यात एकदा फोननं पडद्यावरचा चौकोनी कोड टिपला आणि आपलं मेसेजचं ॲप ब्राउझरमध्ये उघडलं. तेव्हापासून ते उघडंच. संगणक चालू केला की डॉक्टरांच्या दातांशेजारी तिचा भाऊ, तिच्या मैत्रिणी, तिचं सगळं घर. फोनवरून लिहिलेलं तिथे दिसायचं आणि तिथून लिहिलेलं जगाला तिच्या फोनवरूनच आल्यासारखं दिसायचं.

तिचा चेहरा उतरला. "मीच उघडं ठेवलं."

"पण इथूनच गेला कशावरून?" भावानं विचारलं.

"तुमचा फोन द्या. हे बघा. 'बाबाना'. 'बघायच'. 'थाब'. 'सागेन'."

"घाईत लिहिलं असेल असं मला वाटलं."

"घाईत माणूस एखादा अनुस्वार गाळतो. 'थाब' असं कोणी लिहीत नाही. इथे एकही अनुस्वार नाही, कारण या संगणकाच्या कळफलकावर अनुस्वाराची कळ चालत नाही. प्लास्टरची पूड जाऊन बसलीय. मार्चपासून आमच्या सगळ्या चिठ्ठ्यांवर रंगाच्या जागी रग छापून येतो. एका डॉक्टरांनी फोन करून विचारलं होतं, दातात रग कशी भरणार म्हणून."

"म्हणजे इथल्याच कोणीतरी," रंगवाली हळूच म्हणाली आणि काचेपलीकडे बघू लागली. तिकडे मॅडम आणि मावशी काम करत असल्याचं दाखवत होत्या. दोघींचे हात थांबलेले होते.

३

मॅडमशी मी त्यांच्या टेबलापाशी बोललो.

"विचार, विचार," त्या म्हणाल्या. "मला कारण होतंच. शनिवारी चौदा दातांचं काम द्यायचं होतं आणि रंग तिच्याशिवाय कोण देणार? तिनं रजा मागितली तेव्हा मी तोंड वाकडं केलं. मनात म्हटलंसुद्धा, याला आत्ताच यायचं होतं का?" त्या थांबल्या. "मग तो नाही आला. ती शनिवारी दुपारी कामावर आली आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? ती तिथे दात रंगवत होती आणि अण्णा घरी दाराकडे डोळे लावून बसले होते. आणि मला बरं वाटत होतं."

"तुम्ही या संगणकावर रोज लिहिता."

"लिहिते. पण तुला ठाऊक आहे मी कशी लिहिते ते. रंग लिहिता येत नाही म्हणून छटा लिहिते. थांबा लिहिता येत नाही म्हणून जरा धीर धरा लिहिते. चार महिन्यांत इतकी सवय झालीय की घरी फोनवरसुद्धा मी अनुस्वाराचा शब्द टाळते."

हे खरं होतं. माझंही तसंच झालं होतं. त्या कळफलकापाशी बसलं की डोकं आपोआप वळसा घेऊन दुसरा शब्द शोधायचं.

मावशी मेणाचा चाकू दिव्यावर तापवत होती. मी काही विचारायच्या आतच बोलायला लागली.

"मी म्हटलं होतं तिला. कशाला बोलावतेस, आई मेली तेव्हा कुठे होता? दोनदा म्हटलं. देवानं ऐकलं बघ माझं मेलीचं."

"मावशी, तुम्ही लिहिला का?"

"मी? मला ते टकटक येतं का रे? मी बोलून पाठवते. लेकीला, सुनेला, डॉक्टरला, सगळ्यांना बोलून."

तेही खरं. ती फोन तोंडाशी धरून असं बोलते की आम्हा सगळ्यांना तिच्या सुनेचे गुण तोंडपाठ आहेत.

मी परत माझ्या जागी येऊन बसलो. संगणक लॅबमधला होता, पण लिहिणारा लॅबमधला नव्हता. आमच्यापैकी कुणी 'थांब' हा शब्द निवडलाच नसता. लिहिणाऱ्याला ती कळ चालत नाही हे माहीतच नव्हतं. म्हणजे बाहेरचा माणूस. आणि त्या गुरुवारी साडेबारा ते एकच्या मधे बाहेरची दोनच माणसं आली होती. स्वतः अण्णा, आणि त्यांना घेऊन आलेला त्यांचा जावई, रंगवालीचा नवरा.

इतकं जुळवल्यावर मला समाधान वाटायला हवं होतं. वाटलं नाही. कारण तो मेसेज मी आज पहिल्यांदा वाचत नव्हतो. त्याच गुरुवारी, पाठवल्यापासून पाच मिनिटांच्या आत, मी तो वाचला होता.

४

आता सांगतोच. मी तिचं वाचायचो.

पहिल्यांदा चुकून. एका दाढेचा फोटो बघायला गेलो आणि शेजारी तिच्या भावाचं वाक्य दिसलं: "अण्णा अजून माझ्यावर चिडलेत का?" नंतर चुकून नाही. दुपारी सगळे जेवायला बसले की मी डबा लवकर आटपून ऑफिसात जायचो आणि काल रात्रीपासून दोघांचं काय बोलणं झालं ते वाचायचो. ताई, हे बंद कर, सगळ्यांना दिसतं, एवढं सांगायला किती वेळ लागला असता? पण सांगितलं असतं तर मला पुढचं कळलं नसतं.

त्या गुरुवारी अण्णा कवळी सैल झाली म्हणून आले होते. एरवी आमच्याकडे रुग्ण येत नाही, डॉक्टरांकडे जातो, पण हे घरचे. मी त्यांना आतल्या खुर्चीत बसवलं. जावई दारात अवघडून उभा होता. मीच त्याला म्हणालो, "अहो, उभे का? ऑफिसात खिडकीपाशी खुर्ची आहे, निवांत बसा."

मी बसवलं त्याला तिथे.

एकला दहा मिनिटं कमी असतील. दातावर दात कुठे टेकतो ते बघायचा निळा कागद आणायला मी ऑफिसात गेलो. खुर्ची रिकामी होती, जावई बाहेर फाटकापाशी पाठमोरा उभा दिसला. आणि पडद्यावर होतं, "येऊ नकोस. बाबाना तुला बघायच नाही."

मला वाटलं रंगवालीनं फोनवरून लिहिलं. तिथे दिसायचं ते तिचंच असायचं. अनुस्वार नाहीत हे डोळ्यांना खुपलंही नाही, चार महिने तसंच वाचत होतो. साडेतीनला परत डोकावलो तेव्हा तो मेसेज तिथे नव्हता. म्हटलं, पुसला वाटतं. आणि आपलं चोरून वाचणं उघडं पडू नये म्हणून गप्प बसलो. शुक्रवारी गप्प. शनिवारी ती लाल डोळ्यांनी कामावर आली, तेव्हाही गप्प.

आता भाऊ ऑफिसात एकटाच बसला होता. मी त्याच्यापुढे जाऊन बसलो.

"एक विचारतो. तुम्ही दोघं वडिलांना लहानपणापासून अण्णाच म्हणता?"

"हो. आई म्हणायची म्हणून आम्हीही."

"मग या मेसेजमधलं 'बाबा' खटकलं नाही?"

त्यानं मेसेज परत उघडला. "सगळ्यात जास्त तेच लागलं. मला वाटलं, मुद्दाम लिहिलंय. अण्णा म्हणायचा हक्क आता तुला नाही, असं."

म्हणजे अण्णांनीही लिहिला नव्हता. मुलीच्या नावानं लिहिताना त्यांनी स्वतःला अण्णाच म्हटलं असतं. ज्याच्या तोंडी अण्णा हा शब्द बसलेलाच नाही अशा माणसानं तो मेसेज लिहिला होता.

५

रंगवालीचा नवरा नोंदणी कार्यालयासमोरच्या एका दुकानात दस्तऐवज टाइप करतो. मी गेलो तेव्हा समोर एक बाई मजकूर सांगत होती आणि हा तिच्याकडे बघत टाइप करत होता. पडद्याकडे नाही, बोटांकडे नाही. बोटं पावसासारखी पडत होती. एकही अनुस्वार उमटला नाही हे त्याच्या लक्षात का आलं नाही, याचं उत्तर मला दारातच मिळालं.

बाई गेल्यावर मी समोर बसलो.

"सासऱ्यांना तुम्ही काय हाक मारायचात हो?"

"बाबा," तो म्हणाला. मग माझ्या तोंडाकडे बघितलं आणि दोन्ही हात टेबलाखाली घेतले.

"तिनं पाठवलं तुम्हाला?"

"तिला अजून माहीत नाही."

त्यानं समोरच्या कागदांचा गठ्ठा सरळ केला, परत सरळ केला.

"तीन वर्षं मी त्यांना आंघोळ घातली," तो म्हणाला. "माझ्या वडिलांची नाही कधी केली इतकी सेवा. तक्रार नाही माझी, मला आवडायचे ते. पण त्या दिवशी सहज पडद्याकडे बघितलं तर, 'मी दार उघडून ठेवते'. माझ्या घराचं दार. दोन महिने दोघांचं चाललंय आणि मला एका शब्दानं सांगितलेलं नाही. बाबांना माहीत, तिला माहीत. मी कोण? आंघोळ घालणारा."

"आणि लिहिलंत."

"बोटांनीच लिहिलं. लिहिलं आणि पाठवलं, मग छातीत धडधडायला लागलं म्हणून बाहेर जाऊन उभा राहिलो. परत आलो ते पुसायलाच. खरं सांगतो. तिथे दोन पर्याय येतात ना, सगळ्यांकडून काढायचा की फक्त आपल्याकडून? घाईत दुसरा दाबला गेला. तिच्या बाजूनं गेला, त्याच्याकडे राहिला. मग काही करता येईना."

"तिला सांगता आलं असतं."

"शुक्रवारी सांगणार होतो. मग वाटलं, शनिवारी सांगू. डॉक्टर म्हणाले होते, तीन-चार महिने काढतील. म्हटलं, पंधरा दिवसांनी येईल तो, काय बिघडतं, तोवर मी थोडा शांत होईन." त्यानं गठ्ठा पुन्हा सरळ केला. "शनिवारी सकाळी त्यांना आंघोळ घातली तर म्हणाले, आज तो इस्त्रीचा शर्ट दे. मी दिला. मी स्वतः बटणं लावली, काका."

चुकीचा पर्याय दाबला गेला हे खरं की नंतर मनानं रचलेलं, ते मी विचारलं नाही. मला विचारायचा हक्क नव्हता.

"तुम्हीच सांगा तिला," तो म्हणाला. "माझ्यानं होणार नाही."

"नाही. तुमचं तुम्ही सांगायचं. मला माझं सांगायचंय."

६

त्यानं सांगितलं. ऑफिसच्या खोलीत, उभ्यानं, एकदाही न थांबता. मॅडमनी मावशीला घेऊन बाहेर जाऊन दार लावलं होतं. रंगवाली भिंतीला टेकून ऐकत होती, भाऊ खुर्चीत बसला होता. त्याचं संपल्यावर ती रडली नाही की ओरडली नाही.

"तुला सांगितलं नाही, कारण तू नाही म्हणशील अशी भीती होती," ती म्हणाली. "विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं. का नाही विचारलंस?"

मग मी बोललो. गुरुवार, निळा कागद, पडदा, साडेतीन. उन्हाळ्यापासून रोज दुपारी काय करायचो तेही. सांगताना मी जमिनीकडे बघत होतो.

"वाचून काय वाटलं तुम्हाला?" रंगवालीनं विचारलं.

इथे खोटं बोलता आलं असतं. वाईट वाटलं, असं म्हणता आलं असतं.

"वाटलं, बरं केलंस," मी म्हणालो. "आईला टाकून गेलेल्याला असंच पाहिजे, असं वाटलं."

ती माझ्या अंगावरून बाहेर निघून गेली. त्यानंतर सहा आठवडे ती माझ्याशी कामापुरतं बोलली, आणि त्यात काका हा शब्द नव्हता. नवऱ्याला तिनं घराबाहेर काढलं नाही. ती स्वतःच भावाच्या गावी गेली, महिनाभर राहिली आणि परत आली. आता ते दोघं एका घरात आहेत. कसे आहेत, ते मी बघायला जात नाही.

पण त्या दिवशी ती गेल्यावर आणि तिच्यामागून नवरा गेल्यावर, भाऊ तिथेच बसून राहिला. मला वाटलं आता मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"त्या गुरुवारी अण्णा तुमच्यापुढे किती वेळ होते?" त्यानं विचारलं.

"अर्धा तास असेल."

"काय करत होते? सगळं सांगा. काही गाळू नका."

मी सांगू लागलो. कवळी नीट बसली की नाही ते बघायला आम्ही माणसाला बोलायला लावतो. ज्या शब्दात 'स' असतो तो म्हणायला सांगतो, कारण कवळी सैल असली की 'स'ला शिट्टी वाजते. बहुतेक लोक सत्तर, सत्त्याहत्तर म्हणतात. मी अण्णांनाही तेच सांगितलं. ते म्हणाले, सत्तर कशाला, मला शनिवारी जे बोलायचंय तेच म्हणून बघतो.

"काय म्हणाले?"

"आलास? बस."

त्यानं तोंडावर हात धरला.

"पहिल्यांदा शिट्टी वाजली. मी कवळी काढली, आतून जरा घासली, परत बसवली. पुन्हा म्हणाले. मग आणखी घासली. सात-आठ वेळा तरी झालं असेल. शेवटी अगदी स्वच्छ आलं. तरी उठेनात. म्हणाले, अजून एकदा म्हणतो, तू दारातून आल्यासारखा चालत ये. मी बाहेर गेलो आणि आत आलो."

"आणि?"

"आलास? बस," मी म्हणालो.

तो ऐकत बसून राहिला.